नऊ महिन्यांची राखण

स्वादुपिंड हा शब्द इ. स. २०१८ पर्यंत आमच्या घरांत कोणाच्या तोंडीं आला असेल असें मला वाटत नाहीं. यकृत ठाऊक होतें. पाणथरी वाढली म्हणजे हिंवताप मुरला असें जुनीं माणसें म्हणत, म्हणून पाणथरीहि परिचयाची होती. परंतु जठराच्या मागें, पाठीच्या कण्याला टेकून आडवें पडलेलें अर्ध्या फुटाचें एक इंद्रिय अन्न पचविणारा रस आणि रक्तांतील साखर आवरणारें इन्सुलिन अशीं दोन कामें मुकाट्यानें करीत असतें, हें तेहतीस वर्षें शाळेंत मुलें शिकविलेल्या माझ्यासारखीलाहि पुस्तकापुरतेंच माहीत होतें. त्या वर्षीं गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांच्या आजाराच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊं लागल्या आणि हा शब्द घरोघर पोहोंचला. १७ मार्च २०१९ रोजीं ते निवर्तले. तेव्हांपासून स्वादुपिंडाची गांठ म्हटली कीं पुढचें सारें ठरलेलेंच, अशी लोकांची समजूत होऊन बसली, व ती आमचीहि होती.

आमच्या सूनबाईची गांठ त्या जातीची नव्हती. स्वादुपिंडाचा जो कर्करोग नेहमीं ऐकूं येतो तो बहुधा उतारवयांत होतो आणि फार झपाट्यानें पसरतो. हिची गांठ निराळी. तिचें शास्त्रीय नांव सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. हें उच्चारतां उच्चारतां दम लागतो म्हणून आम्हीं तिला फ्रान्ट्झची गांठ म्हणूं लागलों, आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, वय वर्षें शहाऐंशीं, तिला आजतागाईत ‘फ्रान्सची गांठ’ म्हणतात. स्वादुपिंडाच्या शंभर गांठींत अशी एखाददुसरीच आढळते. दहा रोग्यांत सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्याहि बहुतेक विशी-तिशींतल्या. गांठ सावकाश वाढते, पोटांत मोठी होईपर्यंत पुष्कळदां कळतहि नाहीं. ती समूळ काढली तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी पांच वर्षांनंतरहि चांगले असतात. मात्र थोड्याजणींस ती पुन्हा उद्भवते. कोणास दोन वर्षांनीं, कोणास दहा वर्षांनीं. कधीं जुन्या जागेच्या आसपास, कधीं यकृतावर. म्हणून शस्त्रक्रिया झाली म्हणजे रोग्याची सुटका झाली असें होत नाहीं. वर्षानुवर्षें पोटाची तपासणी करीत राहावें लागतें.

ज्या बाईच्या नांवानें ही गांठ ओळखली जाते तिच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. व्हर्जिनिया नीलँड फ्रान्ट्झ ही १८९६ सालीं अमेरिकेंत जन्मली. कोलंबिया विद्यापीठांतून १९२२ सालीं ती डॉक्टर झाली आणि न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयांत शल्यकर्माची उमेदवारी करणारी पहिली स्त्री ठरली. पुढें तिनें सुरी ठेवून सूक्ष्मदर्शक जवळ केला. दुसऱ्यांनीं काढलेल्या गांठी तपासून त्यांची जात ठरविणें हें तिचें आयुष्याचें काम झालें. स्वादुपिंडावरील मोठ्या शस्त्रक्रियेस ज्यांचें नांव मिळालें त्या ॲलन व्हिपल ह्यांच्याबरोबर तिनें १९३५ सालीं इन्सुलिन बेसुमार स्रवणाऱ्या गांठींवर निबंध प्रसिद्ध केला. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजनें शस्त्रक्रियेंतील रक्तस्राव थांबवितां येतो, हेंहि तिनें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत दाखवून दिलें. आणि १९५९ सालीं स्वादुपिंडाच्या गांठींवरील ग्रंथांत तिनें ह्या विचित्र गांठीचें वर्णन करून, ही सौम्य म्हणावी कीं घातक, असा प्रश्न तिच्यापुढें मांडून ठेवला. त्या प्रश्नाचें उत्तर पुरतें मिळालें आहे असें आजहि म्हणतां येत नाहीं. घातकपणा कमी पण आहे, असा हल्लींचा निर्णय. फ्रान्ट्झबाई स्वतः लेंकुरवाळी होती. हें कळल्यावर सूनबाई म्हणाली, “मग तिला माझ्यासारख्यांची दया आली असती.” तिच्या बोलण्याची तऱ्हा अशीच आहे.

सूनबाईचें माहेर रिसोडचें. २०१८ सालच्या दिवाळीनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तिच्या डाव्या बरगडीखालीं हाताला कांहीं लागलें. तपासांतीं नऊ सेंटिमीटरची गांठ निघाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डिसेंबरांत शस्त्रक्रिया झाली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, त्या दुःखांतून ह्या रुग्णालयाची कल्पना निघाली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें सुरू झालें; आमच्या वऱ्हाडांतून किती माणसें तेथें जाऊन परळच्या पदपथांवर दिवस काढून आलीं असतील त्याची गणती नाहीं. सूनबाईच्या स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग व त्याला चिकटलेली पाणथरी अशीं दोन्हीं काढावीं लागलीं. ती बरी झाली, पदवीची राहिलेली परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली, आणि शिकवूं लागली.

आमच्याकडे तिची पत्रिका आली तेव्हां तिच्या वडिलांनीं पत्रिकेबरोबर एक चार पानी पत्र आणि रुग्णालयाच्या कागदांच्या नकला पाठविल्या होत्या. ‘मुलगी पाहण्यापूर्वीं हें वाचावें, वाचल्यावर नकार आला तर आम्हांस राग येणार नाहीं’, असें शेवटीं लिहिलें होतें. आपल्या समाजांत मुलीचा चष्मासुद्धां लग्न ठरेपर्यंत काढून ठेवतात. अशा ठिकाणीं हें पत्र म्हणजे अपूर्वच. घरांत अकरा माणसें एका चुलीवर जेवणारीं. मतेंहि अकरा झालीं. माझ्या जाऊबाईंचें म्हणणें, मुलगी गोड आहे, पण दुखणें विकत कां घ्यावें? त्यांचें तें बोलणें दुष्टपणाचें नव्हतें. त्यांच्या स्वतःच्या बहिणीचा संसार अशाच एका दुखण्यानें मोडला होता. आमच्या चिरंजीवांनीं पत्र दोनदां वाचून एवढेंच म्हटलें कीं, ज्या घरांत इतकें खरें बोलतात तेथें मला जांवई म्हणून जावयाचें आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें वाशीमलाच लग्न झालें.

२०२३ सालीं श्रावण अधिक आला होता, आणि त्याच सुमारास तिला दिवस राहिले. निज श्रावणाच्या अखेरीस, बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी करतांना तिनें आपण होऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलें कीं, बाळाबरोबर माझी डावी बाजूहि पाहा. बाळ ठीक होतें. डाव्या बाजूस, जेथें पूर्वीं पाणथरी होती त्या पोकळींत, जठराला लागून, सुमारें अठ्ठावीस मिलिमीटरचा एक गोळा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरांत दोन गोष्टींची मोजणी सुरू झाली. बाळ किती वाढलें, आणि तें किती वाढलें. ‘तें’ ह्याहून अधिक कोणी बोलत नसे.

येथें ह्या दुखण्याची खरी अडचण सांगितली पाहिजे. ही गांठ वाढली तर काय होतें? पोट जड वाटतें, दोन घांस खाल्ले कीं पोट भरतें, मळमळतें, पाठीस कळ लागते. आणि गर्भारपणांत काय होतें? हेंच. आत्याबाई प्रत्येक तक्रारीवर “डोहाळे गं ते” म्हणत, आणि बहुतेक वेळां त्यांचेंच खरें असे. पण कोणत्या वेळीं खरें नसेल तें ओळखावें कसें? एरवीं डॉक्टर सीटी स्कॅन करतात. त्याचे किरण गर्भास बाधक म्हणून तो शक्य तों टाळावयाचा. एमआरआय करतां येतो, कारण त्यांत किरण नसतात, चुंबक असतो. पण गांठ उजळ दिसावी म्हणून शिरेंतून गॅडोलिनियमचें जें औषध देतात तें वारेंतून बाळापर्यंत पोहोंचतें, म्हणून तें द्यावयाचें नाहीं. म्हणजे चित्र जरा मंदच दिसणार. रक्ताच्या ज्या परीक्षांनीं इतर कर्करोगांचा माग लागतो त्यांचा ह्या गांठींत मुळींच फारसा उपयोग नाहीं, आणि त्यांतल्या कांहींचे आंकडे गर्भारपणांत आपोआपच वाढतात. शिवाय ह्या गांठीच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन ह्या स्त्रीरसाला बिलगणारीं ठिकाणें असतात. गर्भारपणांत तर हा रस शरीरांत उतूं जात असतो. त्यानें गांठ वाढतेच असें सिद्ध झालेलें नाहीं. कांहींजणींची वाढलेली मात्र पाहण्यांत आली आहे, आणि मोठी गांठ पोटांत फुटून रक्तस्राव झाल्याचींहि उदाहरणें वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. अशा बायकांचीं हकीकतीं जगभर मिळून थोडक्याच. त्यांतहि एकदां काढलेली गांठ गर्भारपणांत पुन्हा आली अशा तर फारच थोड्या. चार-दोन हकीकतींवरून नियम बसविणें कठीण.

प्रथम आम्हीं एका मोठ्या शहरांतील नामांकित डॉक्टरांकडे गेलों. त्यांचें नांव मी लिहीत नाहीं. त्यांनीं कागद चाळले आणि माझ्या मुलाकडे पाहून सांगितलें कीं, गर्भ काढून टाका, शस्त्रक्रिया करून घ्या, मुलाचें पुढें पाहूं. वय लहान आहे. सूनबाई त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसली होती. सारें बोलणें होईपर्यंत त्यांची नजर एकदांहि तिच्याकडे वळली नाहीं. सल्ला वेडा होता असें मी म्हणणार नाहीं. गांठ मोठी असती तर तोच कदाचित् शहाणपणाचा ठरला असता. पण ज्या बाईच्या पोटांत दोन्हीं गोष्टी आहेत तिला सोडून तिच्या नवऱ्याशीं व्यवहार करण्याची ही रीत मला तेव्हां पटली नाहीं व आतांहि पटत नाहीं.

परत आल्यावर त्या रात्रीं आमच्या माजघरांत बैठक भरली. यजमान म्हणत, सून वांचली पाहिजे, नातवंडाचें काय, देतांना देव देईल. जाऊबाई ह्या वेळीं उलट बाजूस होत्या. पहिलें मूल असें हातानें दवडूं नये असें त्यांना वाटे. दीर कोणत्या तरी ओळखीच्या वैद्यांचें नांव सुचवीत होते. व्याही रिसोडहून आले होते ते मान खालीं घालून बसले होते. तेव्हां सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि शांतपणें म्हणाली, “गर्भपाताचा १९७१ चा कायदा आणि त्याची २०२१ ची दुरुस्ति मीं वाचली आहे. सज्ञान बाई असली तर तिच्या एकटीच्या सहीनें काम होतें. नवऱ्याचीहि सही लागत नाहीं. मला सगळ्यांचें ऐकायचें आहे. पण सही माझी आहे, म्हणून आधीं मला एका अशा डॉक्टरांकडे न्या कीं जे मला समजावून सांगतील.” कोणी कांहीं बोललें नाहीं. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, “मुलगी शिकलेली आणली त्याचा हा उपयोग.” ही स्तुति कीं टोमणा, तें मला अजून उलगडलेलें नाहीं.

दोन दिवसांनीं आम्हीं शेलूबाजाराजवळ समृद्धी महामार्गास लागून नागपुरास गेलों. हा रस्ता आदल्या वर्षीं, डिसेंबर २०२२ मध्यें, नागपूर ते शिर्डी असा खुला झाला होता. नाहीं तर पहिल्या महिन्यांतल्या बाईला खड्ड्यांतून इतक्या दूर न्यावयाचा धीर मला झाला नसता. वाटेंत कारंजें लागतें. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून उतरावेंसें वाटलें. पण सूनबाई म्हणाली, येतांना उतरूं, म्हणजे काय मागायचें तें नीट ठरलेलें असेल.

नागपुरास पोटाचे शल्यविशारद आणि प्रसूतिशास्त्राच्या बाई अशीं दोघें एकत्र बसलीं, आणि हें एकत्र बसणें फार महत्त्वाचें आहे, कारण निरनिराळ्या खोल्यांतून दिलेले सल्ले एकमेकांशीं जुळत नाहींत हा आमचा अनुभव. त्यांनीं सूनबाईपुढें कागद ठेवून तीन वाटा मांडल्या. पहिली, जी आम्हीं ऐकून आलों होतों ती. दुसरी, चौदाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंतच्या मधल्या काळांत शस्त्रक्रिया करावयाची; त्या वेळीं बाळाचीं इंद्रियें घडून झालेलीं असतात आणि गर्भाशय अजून पोट व्यापण्याइतकें मोठें झालेलें नसतें. तिसरी, गांठ लहान आहे, त्रास देत नाहीं, जात सावकाश वाढणारी आहे, तेव्हां डोळ्यांत तेल घालून वाट पाहावयाची आणि बाळंतपणानंतर ती काढावयाची. तिसऱ्या वाटेवर एक खूण मात्र आधींच ठोकून ठेवावयाची: चोविसाव्या आठवड्यापूर्वीं गांठ पन्नास मिलिमीटरच्या पुढें गेली, किंवा अकस्मात् कळ आली, कीं वाद न घालतां शस्त्रक्रिया. सूनबाईनें विचारलें, “वाट पाहिल्यानें ही गांठ मला मारील इतकी वाढण्याचा संभव किती?” शल्यविशारद म्हणाले, “थोडा. पण शून्य म्हणून सांगत नाहीं.” तिनें तिसरी वाट घेतली. त्या ‘शून्य म्हणून सांगत नाहीं’ ह्या चार शब्दांमुळें तिचा त्यांच्यावर विश्वास बसला असें ती पुढें म्हणाली. येतांना आम्हीं कारंज्यास उतरलों.

मग घरची राखण सुरू झाली. स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग गेला म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा मोठा वांटा गेला. त्यांतून गर्भारपण साखर वाढवितें. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासलें तें १५२ निघालें. १४० किंवा त्याहून वर असलें कीं ती गर्भारपणांतली साखर समजतात. झालें! ज्या घरांत गर्भार सुनेला रोज एक गोड पदार्थ करून घालण्याची चढाओढ लागावयाची, तेथें साखरेचा डबा कुलुपांत गेला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वांग्याचें भरीत, तुरीचें वरण, अधूनमधून वडाभात, पण भात मोजून आणि वडेच जास्त. डोहाळेजेवण करावें कीं करूं नये ह्यावर आठ दिवस खल झाला. शेवटीं सातव्या महिन्यांत केलें, आणि श्रीखंडपुरीऐवजीं सांबारवडी आणि गोळाभात केला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हें पुण्याकडील वाचकांसाठीं लिहितें. नाहीं तर त्यांना वाटावयाचें कीं आम्हीं मद्राशी जेवण घातलें.

साखरेपेक्षां मला अधिक धाक होता तो पाणथरीचा, म्हणजे ती नसल्याचा. पाणथरी रक्तांतील जंतु गाळून काढते. ती नसलेल्या माणसास कांहीं जातीच्या जंतूंचा ताप आला तर तो तासांच्या हिशेबानें चढतो, आणि हिंवतापहि अशांना फार जड जातो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधींच तिला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब अशा तीन जंतूंच्या लसी दिलेल्या होत्या. न्यूमोकॉकसची लस पांच वर्षांनीं पुन्हा टोचावी लागते. तें पांचवें वर्ष नेमकें गर्भारपणांत आलें. डॉक्टरांशीं बोलून ती सातव्या महिन्यांत दिली. ताप आल्याबरोबर घ्यावयाची जंतुनाशक गोळी तर देवघराच्या कोनाड्यांत कायम ठेवलेली असे, म्हणजे अंधारांतहि सांपडावी.

दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत एका रात्रीं तिला थंडी वाजली. बारा वाजून गेले होते. थर्मामीटर १०१ वर. चिरंजीवांनीं गोळी दिली आणि गाडी काढली; मी मागें तिच्याजवळ बसलें. वाशीमपासून अकोलें सुमारें ८० किलोमीटर. ती रात्र अंधारी होती. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांखेरीज कांहीं नव्हतें. ती कुडकुडत होती आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून होतें. कशासाठीं ठेवला होता तें मला सांगतां येणार नाहीं. पातूरच्या अलीकडे बाळ हाललें. माझ्या हाताला तें पहिल्यानेंच कळलें. तिनें डोळे उघडून विचारलें, “आई, कळलें?” मीं “हो” म्हटलें. पुढें अकोल्यापर्यंत आम्हीं दोघीं बोललों नाहीं. रुग्णालयांत तिचें रक्त जंतूंच्या परीक्षेस घेतलें, शिरेंतून औषध सुरू केलें. दोन दिवसांनीं कळलें कीं तो साधा विषाणूचा ताप होता. हिंवताप नाहीं, डेंग्यू नाहीं, रक्तांत जंतु नाहींत. नातेवाइकांतील एक गृहस्थ म्हणाले, उगीच धांवपळ केलीत. मीं त्यांना चहा दिला.

आंकडे असे आले: नवरात्रांत एकतीस मिलिमीटर, दिवाळीनंतर, चोविसाव्या आठवड्यास, छत्तीस. त्या दिवशीं नागपुरास पुन्हा दोघे डॉक्टर बसले, कारण शस्त्रक्रियेचा मधला काळ तेथें संपत होता. आतां नाहीं म्हटलें तर बाळंतपणापर्यंत नाहीं. वाढ होती, पण खुणेच्या अलीकडे होती. सूनबाईनें ते दोन फोटो शेजारीं शेजारीं ठेवून बराच वेळ पाहिले आणि “थांबूं या” म्हणाली. संक्रांतीच्या सुमारास अडतीस. त्या खेपेस प्रथमच बाळाच्या आंकड्याकडे सर्वांनीं आधीं पाहिलें, असें माझ्या लक्षांत आलें.

पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें, ही रीत मोडावी लागली. विहीणबाईंना त्याचें वाईट वाटलें. त्यांनीं डिंकाचे लाडू करण्यासाठीं आणलेला डिंक परत बरणींत भरून ठेवला. माघांत आम्हीं नागपुरास रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्यानें घेतल्या आणि दोघी विहिणी तेथें महिनाभर एका स्वयंपाकघरांत राहिलों. ह्या महिन्यावर स्वतंत्र लेख होईल, तो मी लिहिणार नाहीं. कळा देतांना पोटावर ताण येतो, म्हणून पोट चिरूनच बाळ काढावयाचें ठरलें होतें. शल्यविशारद बाहेर तयार उभे होते, त्यांची गरज पडली नाहीं. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, अडतिसाव्या आठवड्यांत, मुलगी झाली. दोन किलो आठशें ग्रॅम. त्याच वेळीं गांठहि काढून टाकावी असें आम्हांस वाटत होतें. पण बाळंतपणांत गर्भाशयाचा रक्तपुरवठा फार वाढलेला असतो, एकावर एक दोन जखमा करूं नयेत, आणि आईनें आधीं अंगावर पाजावें, असें डॉक्टरांचें मत पडलें. आठ आठवड्यांनीं, एप्रिलच्या अखेरीस, दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिच्या आधीं पंधरा दिवस सूनबाई रोज दूध काढून बाटल्यांवर तारीख घालून शीतपेटींत ठेवी. पोरीनें त्या बाटल्यांतलें दूध पहिल्या दिवशीं तोंडांतून थुंकून टाकलें आणि दुसऱ्या दिवशीं मुकाट्यानें प्यायली.

गांठ जठराच्या भिंतीचा लहानसा तुकडा घेऊन निघाली. तपासणीचा निकाल दहा दिवसांनीं आला: जात पूर्वींचीच, कडा स्वच्छ, यकृत निर्मळ. पुढें औषधाची किंवा किरणांची गरज नाहीं. ह्या गांठीवर त्यांचा भरंवसाहि थोडाच. गर्भारपणांतली साखर उतरली. पण पुढें ती कायमची येऊं शकते, म्हणून वर्षांतून एकदां तेंहि पाहावयाचें.

सध्यां दर सहा महिन्यांनीं नागपुरास जावें लागतें. पहिल्या तिन्ही तपासण्या निर्दोष आल्या. दुसऱ्या मुलाविषयीं जाऊबाईंनीं मध्यंतरीं विषय काढला होता. सूनबाई म्हणाली, “काकू, अजून कांहीं वर्षें नुसती तपासणीच, मग त्या दोघा डॉक्टरांना एका खोलींत बसवीन आणि विचारीन.” जाऊबाईंनीं मान डोलावली, त्यांची समजूत पटली कीं नाहीं तें ठाऊक नाहीं, पण विषय पुन्हा निघाला नाहीं. चौथ्या तपासणीची तारीख उन्हाळ्यांत येत आहे. महामार्गावर दुपारच्या उन्हांत गाडी हांकूं नये म्हणून पहांटे चारला निघावयाचें ठरलें आहे, आणि बरोबरच्या भाकऱ्या आदल्या रात्रीं करून ठेवाव्या कीं तीनला उठून, एवढाच वाद आमच्या घरांत चालू आहे.